सव्वा इंच

दादा गेल्यावर त्याच्या चीजवस्तूंची वाटणी झाली आणि बेस गिटार माझ्या वाट्यास आली. वस्तुतः 34 इंची तारेवर बोटे पसरण्यास जो पंजा लागतो, तो आमच्या घरात एकट्या त्यालाच लाभला होता. परवा खांदा आखडला आणि डॉक्टरांनी डावा हात ताणण्यास सक्त मनाई केली, तेव्हा जुनी दांडी उतरवून 30 इंची तारेची दांडी बसविण्याची तजवीज आरंभिली. 'ती पोरांसाठी असते,' असा शेरा एका दुकानदाराने मारला, त्याची क्षमा मी करणार नाही. पॉल मॅकार्टनीच्या हातातील सुप्रसिद्ध होफ्नर तरी तिसाच्याच आसपासची आहे.

लालबागच्या चाळीतील आमच्या खोलीत दादा उंबऱ्याशी बसे आणि दांडीचा शेंडा गॅलरीत निघे. शेजारच्या काकू पाण्याची कळशी घेऊन आल्या, की ताल न सोडता तो दांडी रेल्वेच्या फाटकासारखी वर उचली.

चार स्क्रू काढून चार बसविले की संपले, असे हे प्रकरण नव्हे. बारावा पडदा मेरू आणि घोडी यांच्या बरोबर मध्यावर यावा लागतो, अन्यथा खालचे स्वर खरे आणि वरचे खोटे. आणि दोन्ही दांड्यांचा विसावा पडदा एकाच जागी ठेवला, तर घोडीला पूर्वापार वहिवाटीच्या जागेवरून बेदखल करून सव्वा इंच पुढे वसवावे लागते. घोडीला धक्का न लावणाऱ्या दांड्याही परदेशात करतात. माझ्या हाती आली ती तशी नव्हती. घोडीची जुनी भोके बुजवू नयेत, अशी ताकीद मात्र मी कारागिराला दिली.

येथे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल विनाकारण आठवतात. डेप्युटी कलेक्टरीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी तारेची मोजणी हाती घेऊन 1910 साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढले आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याशी आपल्या मापांची रुजवात घातली. माझ्या दांडीवरील सप्तकाचे बारा समान भाग पाहून त्यांनी कोणता शेरा मारला असता, याची कल्पना करवत नाही.

दांडीच आखूड असती, तर काकूंना थांबावेच लागले नसते, हे मला आता सुचते. आणि त्या थांबत, तेव्हा कळशी खाली ठेवून थांबत, हेही. त्यांची गिरणी कामगारांसाठी खानावळ होती. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि जेवणारे एकेक करून कोकणात, घाटावर परतले. गणपतीत ऑर्केस्ट्राची सुपारी मिळाली, की दादा अर्धी बिदागी आईच्या नकळत काकूंकडे धाडी. पैसे पोचविण्याचे काम माझ्याकडे असे, आणि काकू मला त्याबद्दल खोबऱ्याची वडी देत.