नेम

मराठींतला ‘नेम’ हा शब्द मोठा गंमतीचा आहे. शिकारी नेम धरतो, आणि एकादशी करणाऱ्या आजीबाई नेम पाळतात. शिवाय ज्याच्या वागण्याचा अंदाज बांधतां येत नाहीं अशा इसमाविषयीं आपण म्हणतों, ‘त्याचा कांहीं नेम नाहीं!’ लक्ष्यवेध, व्रत आणि खात्री ह्या तीन निराळ्या गोष्टींना एकाच नांवानें हाक मारण्यांत आपल्या पूर्वजांचा कांहीं हेतु असेल असें मी म्हणत नाहीं. कोशकार ह्या शब्दांचीं कुळें वेगळालीं लावतील तर लावोत. परंतु हे तिन्ही नेम एकाच जागीं, एकमेकांचा हात धरून उभे असलेले मला पाहावयास मिळाले, आणि तेव्हांपासून त्यांना वेगळे मानणें मला कठीण जाऊं लागलें आहे.

ती जागा म्हणजे इंग्लंडांतील बिस्ले येथील बंदुकीचें मैदान. लंडनच्या नैर्ऋत्येस सरे परगण्यांत हें गांव आहे. माझा भाचा नोकरीनिमित्त त्या बाजूला स्थायिक झालेला. उन्हाळ्यांत त्याच्याकडे राहावयास गेलों असतां त्याच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं मला जुन्या बंदुकांचा सामना पाहावयास येण्याचा आग्रह केला. त्यांचें वय पंचाहत्तरीच्या घरांत, आणि त्यांच्या बंदुकीचें त्याच्या दुप्पट. माझी नात, म्हणजे भाच्याची मुलगी, कॉलेजच्या सुटींत हातखर्चाला चार पैसे मिळावेत म्हणून त्याच मैदानावर लक्ष्यें वरखालीं करण्याचें काम करीत असे. बंदुकीचा आणि माझा संबंध वर्तमानपत्रापलीकडे कधीं आला नव्हता. पण ज्या दिशेला ओळीनें बंदुका रोखल्या जाणार त्याच दिशेला आपली नात बसणार आहे हें कळल्यावर मला त्या खेळांत एकाएकीं रस उत्पन्न झाला, हें वाचकांस सांगावयास नकोच.

खेळ बराच जुना आहे. १८५९ सालीं इंग्लंडांत राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला, आणि १८६० च्या जुलैंत त्याचा पहिला सामना विंबल्डनच्या माळावर भरला. विंबल्डन म्हटलें कीं आज आपणांस टेनिस आठवतें. त्या काळीं तेथें बंदुकींचा धूर दिसे. पहिला बार व्हिक्टोरिया राणीनें काढला. व्हिटवर्थ बनावटीची बंदूक एका यांत्रिक बैठकींत घट्ट बसवून ४०० वारांवरच्या लक्ष्यावर आधींच रोखून ठेवली होती. राणीसाहेबांनीं फक्त रेशमी दोरी ओढावयाची. गोळी अर्थातच लक्ष्याच्या मध्यभागीं लागली. दरबारी मंडळींच्या ह्या युक्तीला कोणी हंसेल. मला मात्र त्यांत शहाणपण दिसतें. राणी झाली म्हणून तिच्या हाताला कंप सुटणार नाहीं, असें त्यांनीं गृहीत धरलें नाहीं. पुढें १८९० पासून हे सामने बिस्लेला भरूं लागले.

बिस्लेच्या स्टिकलडाउन नांवाच्या भागांत १२०० वारांपर्यंत नेम धरतां येतो. हजार वार म्हणजे सुमारें ९१४ मीटर. एवढ्या अंतरावर माणसाहून उंच लक्ष्यही डोळ्यांना टाचणीच्या बोंडाएवढें दिसतें. जुन्या बंदुकींत काळी दारू वापरतात; सोरा, कोळसा आणि गंधक यांचें तें पुरातन मिश्रण, ज्यांत सुमारें तीन चतुर्थांश भाग एकट्या सोऱ्याचा असतो. शिशाच्या गोळीला हजार वार काटावयास तीन सेकंदांच्या आसपास लागतात, आणि वाटेंत ती तीन मजली घराच्या गच्चीइतकी उंच चढून मग खालीं उतरते. तेवढ्या वेळांत माणूस तीनदां सावकाश ‘राम’ म्हणूं शकेल. चाप ओढणाऱ्याची सत्ता मात्र पहिल्या अक्षरालाच संपलेली असते. सुटलेला बाण परत येत नाहीं हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. पण सुटलेली गोळी अजून पोंचावयाची आहे आणि आपल्या हातीं कांहींच उरलेलें नाहीं, हे तीन सेकंद मोजून पाहिल्याखेरीज त्या म्हणीची धार कळत नाहीं.

म्हणूनच कीं काय, त्या मैदानावर चाप ओढण्यास जेवढा वेळ लागतो त्याच्या शतपट वेळ चाप ओढण्याच्या तयारींत जातो. आमच्या यजमानांची बंदूक ठासणीची होती. प्रत्येक बाराची दारू त्यांनीं आदल्या रात्रीं घरीं तोलून वेगवेगळ्या नळकुल्यांत भरून ठेवली होती. शिंगांतून थेट बंदुकींत दारू ओतण्यास तेथें सक्त मनाई आहे. कारण मागच्या बाराची एखादी ठिणगी नळींत धुगधुगत राहिली असेल, तर एका बाराची दारू भडकून निभावतें, शिंगभर दारू भडकली तर हात जातो. प्रत्येक बारानंतर ओला बोळा गजानें नळींतून फिरवावयाचा. मग दारू, मग गोळी. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्यें पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. ती टेकली हें मनानें ठरवावयाचें नाहीं. गजावर खूण केलेली असते, ती नळीच्या तोंडाशीं आली म्हणजे टेकली. आणि केप सर्वांत शेवटीं. आपल्या जागीं आडवें पडून, नळीचें तोंड समोरच्या बंधाऱ्याकडे केल्यावर आणि हुकूम मिळाल्यावर. विडी-सिगारेटचें नांव नको. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे; आमच्यासारख्या बघ्यांनाही त्यांतून सूट नव्हती.

हें सर्व पाहून मला माझ्या आजीचें सोंवळें आठवलें. ह्याला शिवूं नको, तें तेथें ठेवूं नको, आधीं हें आणि मग तें! फरक एवढाच कीं, आजीला कारण विचारलें तर ती रागावत असे. येथें ज्याला विचारावें तो आनंदानें कारण सांगे, आणि बहुतेक कारणांच्या तळाशीं केव्हां तरी कोणाचें तरी बोट, डोळा किंवा प्राण गेलेला असे.

नातीची जागा त्या मातीच्या बंधाऱ्याआड, एका खोल खंदकांत. बार लागला कीं लक्ष्याची चौकट खालीं ओढावयाची, गोळीचें भोंक शोधावयाचें, त्यांत खुणेची चकती बसवावयाची, मागचें भोंक कागद चिकटवून बुजवावयाचें, आणि चौकट पुन्हां वर ढकलावयाची. संध्याकाळीं तिनें मला सांगितलें, “आजोबा, नव्या बंदुकीची गोळी डोक्यावरून गेली कीं चाबूक ओढल्यासारखा आवाज होतो. ह्या जुन्या बंदुकींचें तसें नाहीं. आधीं लांबून बार ऐकूं येतो, आणि मग गोळी भुंग्यासारखी घोंघावत येते.” खरेंच आहे तें, इतकें अंतर तोडतांना ती गोळी ध्वनीहून मंद झालेली असते. मी तिला विचारलें, “भीति नाहीं वाटत?” ती म्हणाली, “लाल निशाण वर असलें कीं आम्ही वर यायचें नाहीं, आणि आम्ही वर असलों कीं त्यांनीं बंदुकीला हात लावायचा नाहीं. मग भ्यायचें कशाला?”

तिचें उत्तर ऐकून मी निरुत्तर झालों. त्या ओळींतले बंदूकवाले कोण, स्वभावानें कसे, रात्रीं त्यांना झोंप लागली होती कीं नाहीं, यांतलें तिला कांहीं ठाऊक नव्हतें. तिचा विश्वास त्यांच्या चांगुलपणावर नव्हताच. माणसाचा कांहीं नेम नाहीं, हें जाणून ज्यांनीं ते नेम घालून दिले, आणि जे ते मुकाट्यानें पाळतात, त्यांच्यावर तो होता.

त्या मुकाट्यानें पाळण्याचा प्रत्यय मला दुपारींच आला होता. आमचे यजमान पहिल्या तिघांत होते. शेवटचे दोन बार उरले असतां त्यांनीं चाप ओढला. घोडा केपवर पडला, टक् असा आवाज झाला, आणि बार उडालाच नाहीं. तुम्हांआम्हांस वाटेल, बंदूक उचलून पाहावें काय झालें तें. पण अशी मुकी बंदूक फार फसवी. दारू आंत धुमसत असेल तर बार कांहीं क्षणांनंतरही उडतो. त्यांनीं दस्ता खांद्यावरून ढळूं दिला नाहीं, नळी बंधाऱ्याकडे रोखलेली ठेवली आणि फक्त एक हात वर केला. देखरेखीवरची अधिकारी पंचविशींतली मुलगी होती. ती मागें येऊन उभी राहिली आणि घड्याळाकडे पाहूं लागली. निदान अर्धा मिनिट थांबावयाचें. वारा त्या वेळीं अगदीं अनुकूल होता. निशाणें काठ्यांना लगटून लोंबत होतीं. शेजारच्यांचे बार उडत होते, आणि हे स्वस्थ पडून होते. अखेर तिनें मान हलवली, त्यांनीं नवी केप बसवली, नेम धरला, बोट चापावर ठेवलें, आणि इतक्यांत मागच्या प्रेक्षकांतून एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा ओरडला, “थांबा!”

मैदानावर कोणीही थांबा म्हणावें आणि सर्वांनीं थांबावें, असा तेथला दंडक आहे. ओरडणाऱ्याचा अधिकार काय, वय काय, हें थांबल्यानंतर पाहावयाचें. आमच्या यजमानांचें बोट चापावरून निघालें, केप उतरली, बंदूक तोंड बंधाऱ्याकडे करून खालीं ठेवली गेली, आणि तीं पिकलीं डोकीं एकामागून एक उठून दोन पावलें मागें सरलीं. मुलाला मधल्या गवतांत कांहीं तरी हललेलें दिसलें होतें. दुर्बिणी लावून पाहिलें. ती झुडपाची सावली होती. कोणी हंसलें नाहीं. त्या अधिकारी मुलीनें पोराचे आभार मानले आणि सामना पुढें सुरूं केला. गेलेला वेळ पंचांनीं भरून दिला. पण गेलेला वारा कोण भरून देणार? निशाणें आतां फडफडूं लागलीं होतीं. यजमानांचे दोन्ही बार लक्ष्याच्या कडेला गेले, आणि ते पहिल्या तिघांतून उतरले.

सामना संपल्यावर ते त्या पोराजवळ गेले. मला वाटलें, आतां दोन शब्द ऐकवणार. ते म्हणाले, “पुन्हां कधीं असें दिसलें तर ओरडशील ना?” पोरानें मान डोलावली. “शाबास,” म्हणून ते आपली बंदूक गरम पाण्यानें धुवावयास निघून गेले.

ह्या खेळाच्या इतिहासांतही अशी एक हकीकत आहे. १८७४ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथें आयर्लंडच्या आणि अमेरिकेच्या संघांचा ८००, ९०० आणि १००० वारांचा सामना झाला. आयरिश मंडळींच्या बंदुका ठासणीच्या, अमेरिकनांच्या मागून काडतूस भरण्याच्या. शेवटच्या बाराला आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०. अमेरिकेच्या बोडाइनचा हात नुकताच एक बाटली फुटून कापला होता. त्यानें हाताला रुमाल गुंडाळला, आडवा पडला आणि मध्यभागीं गोळी मारून चार गुण मिळवले. ९३४ विरुद्ध ९३१! बोडाइनचें नांव गाजलें तें योग्यच झालें. मला मात्र त्या दिवशींचा दुसरा एक बार अधिक आठवतो. आयर्लंडच्या मिल्नरनें तसाच अचूक मध्यभेद केला होता, पण शेजारच्या लक्ष्याचा! नियमाप्रमाणें त्याची किंमत शून्य. ते चार गुण धरले असते तर सामना आयर्लंडनें जिंकला असता. नेम अचूक असून भागत नाहीं. तो आपल्या ठिकाणावर लागावा लागतो, हें त्या एका शून्यानें सांगितलें.

आपल्याकडे कोंकणांत पिकें राखण्यासाठीं परवान्याच्या ठासणीच्या बंदुका अजूनही कित्येक घरांत आहेत. रानांत डुकरामागें गेलेल्यांपैकीं एकाची गोळी दुसऱ्याला लागल्याची बातमी वर्तमानपत्रांत अधूनमधून येते, आणि घरांत सहज हाताळतांना बार उडाल्याचीही येते. अशा बातमीआड पुष्कळदां एकच वाक्य लपलेलें असतें: ‘रिकामीच आहे ती!’ बिस्लेला हें वाक्य म्हणण्याची सोय नाहीं. बंदूक देणारा ती रिकामी असल्याचें दाखवून देतो, आणि घेणारा तरीही स्वतः पाहून घेतो. ठासणीच्या बंदुकींत गज सोडावयाचा. रिकाम्या नळीच्या तळावर तो खणकन् वाजतो, भरलेलींत मऊ पडतो आणि बाहेर अधिक उरतो. आपल्या घरीं एखाद्या वडीलधाऱ्याच्या हातून बंदूक घेतांना मुलानें असा गज सोडून पाहिला, तर ‘माझ्यावर विश्वास नाहीं वाटतें?’ असा प्रश्न त्याला ऐकावा लागेल. तेथें न पाहणें हाच उद्धटपणा समजतात.

मला वाटतें, आपल्याकडील पुष्कळ अपघातांचें, आणि ते केवळ बंदुकीचेच नव्हेत, मूळ ह्या मानापमानांत आहे. डॉक्टरांना औषधाचें नांव पुन्हां विचारणें, मोटार हांकणाऱ्या काकांना ‘जरा हळू’ म्हणणें, विजेच्या तारेला हात घालण्यापूर्वी वायरमनला ‘बटण बंद आहे ना, पाहिलेंत?’ असें विचारणें, ह्या सर्वांत आपणांस संकोच वाटतो. कारण विचारणें म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे अपमान, अशी आपली समजूत. पंचाहत्तरीच्या माणसानें पंचविशींतल्या मुलीच्या मानेच्या हालचालीची वाट पाहावी आणि बारा वर्षांच्या पोराच्या हांकेसरशी चापावरचें बोट काढावें, यांत त्या वृद्धाचा मान तिळभरही कमी झालेला मला दिसला नाहीं.

त्या रात्रीं जेवणावर ते भाच्याकडे आले होते. बोलतां बोलतां निघालें कीं, दुपारीं त्यांच्या लक्ष्याच्या चौकटीवर माझी नातच होती. सबंध दिवसभर त्यांचा प्रत्येक बार तिच्या डोक्यावरून गेला होता, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. त्यांनीं हातांतला चमचा खालीं ठेवला, क्षणभर तिच्याकडे पाहिलें आणि विचारलें, “शेवटचे दोन किती बाहेर गेले होते?”

तिनें दोन्ही हात पसरून अंतर दाखवलें. ते खो खो हंसले, आणि तिला म्हणाले, “पुढच्या वेळीं तुला एवढें चालावें लागणार नाहीं.”