बाईंची रोजकीर्द

चौतीस वर्षे मी बँकेत नोकरी केली. त्यांतील अखेरची काही वर्षे कर्जविभागात गेली. कर्जदाराचा हप्ता ठरल्या तारखेस आला नाही की त्या खात्यावर पहिली खूण करावयाची, तीस दिवस उलटले की दुसरी, साठ उलटले की तिसरी, आणि नव्वद दिवस झाले की ते अनुत्पादक म्हणून नोंदवावयाचे, हा नियम माझ्या अंगवळणी पडला होता. ‘साहेब, घर चांगले आहे, पुढच्या महिन्यात भरतील,’ असे सांगून खूण टाळू पाहणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना मी पुष्कळ वेळा सुनावलेले आहे. मूल म्हणजे कर्जखाते नव्हे, हे मला कळते. तरीही ही आठवण प्रथम लिहितो, कारण तोच मी माझ्या घरात चौदा महिने खूण करू दिली नाही.

नातवाचे नाव येथे देत नाही. पुढे हे पान त्याच्या वाचनात आले तर आपले नाव त्यात असावे की नसावे, हे त्याला ठरवता आले पाहिजे.

अडीच वर्षांचा असताना त्याला आम्ही गंगापूर रोडवरील एका बालवर्गात घातले. दिवाळीनंतर तेथील शिक्षिकेने मुलाला व सुनेला बोलावून घेतले. हाक मारली तर हा वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, खेळण्यातील मोटार चालवण्याऐवजी उलटी करून तासन्‌तास चाके फिरवतो, प्रार्थना सुरू झाली की कान झाकून घेतो. बालविकासाच्या तज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या, एवढेच त्या बोलल्या. मला त्या मुलीचा राग आला. वय असेल पंचविशीचे. ती आम्हाला काय सांगणार! माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता आणि पुढे तो चार्टर्ड अकाउंटंट झाला, हा दाखला मी घरात इतक्या वेळा दिला की सूनबाईंनी विषय काढणेच सोडले.

वर्ष बदलले तशी आम्ही शाळा बदलली. दुसऱ्या ठिकाणी दोन महिन्यांतच मुख्याध्यापिकेने टेबलावर धनादेश ठेवला. फी पूर्ण परत केली होती, एक रुपयाही कापला नव्हता. ‘याच्यामुळे बाकीच्या मुलांकडे लक्ष देता येत नाही,’ असे त्या म्हणाल्या. मी तो धनादेश खिशात घातला आणि पायऱ्या उतरलो. इतकी वर्षे हिशेब पाहिले, पण परत आलेल्या पैशाचे एवढे ओझे कधी वाटले नव्हते.

त्या वर्षी पर्युषणात सूनबाई मंदिरात आल्या नाहीत. घंटेच्या आवाजाने मुलगा जमिनीवर लोळण घेई आणि मग सगळ्यांच्या माना वळत. एका वयस्कर बाईंनी ‘पूर्वकर्म असते, काय करणार’ असे म्हटले, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. कर्मसिद्धान्त स्वतःला तपासण्यासाठी असतो, दुसऱ्याच्या लेकराला मोजण्यासाठी नव्हे, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण मी काही बोललो नाही.

तपासणीला सूनबाई अखेर मला न सांगता गेल्या. नातू तेव्हा चार वर्षांचा व्हायला आला होता. निदान स्वमग्नतेचे झाले. कागद माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, ‘बाबा, तुम्ही रागवाल म्हणून आधी सांगितले नाही.’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपे गेले असते.

तिसरा बालवर्ग इंदिरानगरात, दोन खोल्यांचा, अठरा मुलांचा. तेथील बाईंनी पहिल्या दिवशी काही आश्वासन दिले नाही. फक्त एक दोनशेपानी वही काढली. मूल रडले की त्याआधी काय घडले, किती वेळ रडले आणि कशाने थांबले, हे त्या दररोज तारीखवार लिहीत. महिनाभराने त्यांनी ती वही मला वाचायला दिली. ती अस्सल रोजकीर्द होती. आम्ही ज्याला हट्ट म्हणत होतो, त्याची खतावणी केल्यावर दिसले की जवळजवळ प्रत्येक वेळी आधी दोन गोष्टींपैकी एक घडलेली होती: एक तर अचानक मोठा आवाज झाला होता, किंवा हातातला खेळ पूर्वसूचना न देता काढून घेतला गेला होता. ‘आजोबा, तो हट्टी नाही. पुढे काय होणार ते त्याला कळत नाही, म्हणून तो घाबरतो,’ बाई म्हणाल्या.

यानंतर त्यांनी जे केले त्याला खर्च फारसा नव्हता. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला: चप्पल, प्रार्थना, वाळू, डबा, घर. एक काम संपले की ते चित्र तो स्वतः काढून खालच्या खोक्यात टाकी. घंटा बंद करून टाळीचा इशारा ठेवला. प्रार्थनेला त्याला दाराजवळ बसण्याची मुभा दिली. नकोसे झाले तर ओसरीवर जाऊन परत यायचे. ‘चला, आवरा, हात धुवा आणि डबे काढा,’ अशा लांब वाक्याऐवजी ‘हात धू’ एवढेच म्हणायचे आणि मग दहापर्यंत मनात मोजत थांबायचे. हे थांबणे मला फार अवघड गेले. घरी मी तीनपर्यंत मोजून दुसरा प्रश्न विचारीत असे. नवल असे की चित्रांच्या त्या पट्टीचा उपयोग बाकीच्या सतरांनाही झाला. डबा कधी, घर कधी, हे विचारणे थांबले.

मी त्या सुमारास वाचू लागलो. आपल्या बालवर्गांतून जे मनोरे, ठोकळे, खरखरीत अक्षरे दिसतात ती मारिया माँटेसरी यांची देणगी, हे माहीत होते. पण त्यांचा आरंभ रोममधील ‘मंदबुद्धी’ ठरवून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर १९०० च्या सुमारास झाला, आणि इतर मुलांसाठी ‘बालगृह’ त्यांनी त्यानंतर, १९०७ साली काढले, हे मला साठी ओलांडल्यावर कळले. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालवाडी सुरू केली, तिलाही माँटेसरींच्या विचाराचा आधार होता. म्हणजे ज्या मुलांपासून ही पद्धत निघाली, त्यांनाच ‘आमच्या पद्धतीत हा बसत नाही’ असे सांगून धनादेश देण्यात येतो.

आणि नाशिककराला तर दूर जाण्याचीही गरज नव्हती. रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने १९७७ मध्ये याच शहरात प्रबोधिनी विद्यामंदिर उभे केले. मीही त्यांच्या कार्याचे कौतुक करणाऱ्यांपैकी एक होतो. कौतुक करून आपल्या घराचे दार लावून घेणाऱ्यांपैकी.

कायद्याचा विचार केला तर एक फट दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला. त्यात स्वमग्नतेसह एकवीस प्रकार आहेत, आणि चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत वा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परंतु तो सहाव्या वर्षापासून. त्याआधीची वर्षे, ज्यांत मदतीचा उपयोग सर्वाधिक होतो, ती पालकांच्या ऐपतीवर आणि एखाद्या बाईंच्या स्वभावावर सोडलेली आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीस जाते. खाजगी बालवर्ग त्या कक्षेत येत नाहीत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी अंगणवाडीत जाते. तिचे डोळे, कान, वाढ, बोलणे हे सारे पाहिले गेले होते. मोठी फी भरणाऱ्या आमच्या घरात ते कोणी पाहिले नव्हते, आणि जिने पाहिले तिच्यावर मी रागावलो होतो.

प्रमाणपत्र काढण्यालाही माझा विरोध होता, हेही सांगून टाकतो. मोठी नात दहावीत आहे. चार-सहा वर्षांनी स्थळे पाहताना लोक विचारतील, ही भीती मी उघड बोलून दाखवली. त्यावर नातच म्हणाली, ‘आजोबा, जे माझ्या भावाला लपवायला सांगतील, त्यांच्या घरी मी कशाला जाऊ?’ अर्ज मग मीच भरला. अर्ज भरणे हे तरी मला येते.

नातू आता साडेपाच वर्षांचा आहे. तो बारा-पंधरा शब्द बोलतो, त्यांतील काही फक्त त्याच्या आईला समजतात. जूनमध्ये पहिलीसाठी शाळा शोधायची आहे. तीन ठिकाणी जाऊन आलो. दोघांनी ‘कळवतो’ म्हटले आहे. पहिल्या बालवर्गातील त्या शिक्षिकेला भेटण्यासाठी मध्यंतरी गेलो होतो. ती नोकरी सोडून पुण्याला गेल्याचे समजले. कार्यालयातून पत्ता मिळू शकला नाही.

बाईंनी त्याच्यासाठी छायाचित्रांची कार्डे केली आहेत: पाणी, पोळी, झोका, आई. एका कार्डावर मी आहे, स्कूटरशेजारी उभा. काल दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता मला डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा ते कार्ड माझ्या गुडघ्यावर होते आणि तो दाराशी उभा राहून, माझ्याकडे नव्हे, चपलांकडे पाहत होता. मी घाई केली नाही. मनात दहापर्यंत मोजले. सातवर असताना तो म्हणाला, ‘चल.’