पस्तीसवर थांबायचं!

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांनी व्हॉल्व्ह पाहिलाय? काचेची छोटी बाटली, आतली हवा काढून टाकलेली, आणि वीज दिली की पोटात निखाऱ्यासारखा नारिंगी उजेड! १९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि हळूहळू रेडिओतून, टीव्हीतून या बाटल्या हद्दपार झाल्या. पण गाण्याच्या काही वेड्यांनी त्यांना अजून सोडलेलं नाही. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये त्या आजही तयार होतात. माझा मामा याच वेड्यांपैकी एक. आपला व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर त्यानं स्वतः जोडलाय.

व्हॉल्व्हच्या आत काय चालतं? मध्यभागी असतो कॅथोड. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि बाहेरच्या प्लेटकडे धावतात. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी या दोघांच्या मध्ये तिसरी वस्तू घातली, ती म्हणजे जाळी. जाळीला ऋण दाब दिला की ती इलेक्ट्रॉनांना मागे ढकलते. शेतातल्या पाटाला फळी लावतात ना, तसंच! फळी थोडी खाली केली की पाणी कमी, वर केली की जास्त. गाण्याचा इवलासा विद्युतसंदेश ही फळी वरखाली हलवतो आणि पलीकडे मोठा प्रवाह त्याच तालात नाचतो.

आता प्रश्न असा, की गाणं नसताना फळी कुठं ठेवायची? ही जी विश्रांतीची जागा, तिलाच म्हणतात बायस.

मामाच्या अॅम्प्लिफायरमध्ये ईएल ३४ जातीचे दोन व्हॉल्व्ह जोडीनं काम करतात. आजीनं याचं फार छान उदाहरण दिलं. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या की एक ओढते, मग दुसरी. पण पहिलीनं खुंटा सोडायच्या आत दुसरीचा हात त्यावर हवा. नाहीतर जातं अडखळतं. व्हॉल्व्हचंही तसंच. विश्रांतीचा प्रवाह फार कमी ठेवला, तर एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना आवाज खरखरीत होतो. फार जास्त ठेवला, तर प्लेट लालबुंद होते आणि महागाचा व्हॉल्व्ह कामातून जातो.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मामानं नवी जोडी आणली होती, पण दोन दिवस ती खोक्यातच होती. शेवटी तो म्हणाला, "अगं, माझे हात आता थरथरतात. आत साडेचारशे व्होल्ट आहेत. हे काम तू कर, मी शेजारी बसतो."

माझ्या पोटात गोळा आला. मामाच्या हातून स्क्रू ड्रायव्हर दुसऱ्या कुणाकडे गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

आधी त्यानं नियम सांगितले. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचं नाही, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. एक हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे चुकून धक्का बसलाच तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जाणार नाही. आणि प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तेव्हा "बंद आहे" म्हणून बोट घालायचं नाही. (मुलांनो, म्हणूनच हे उपकरण तुम्ही उघडायचं नाही!)

मग गणित. ईएल ३४ ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॉट उष्णता सोसते. जाणकार त्याच्या सत्तर टक्क्यांवर थांबतात, म्हणजे साडेसतरा वॉट. त्याला ४५० व्होल्टनं भागा. उत्तर येतं साधारण ३९ मिलिअँपिअर.

हा प्रवाह मोजायचा कसा? मामानं प्रत्येक कॅथोडखाली एक ओहमचा रोध बसवला होता. शाळेतला ओहमचा नियम आठवा: रोध एक असेल, तर जितके मिलिअँपिअर तितकेच मिलिव्होल्ट! मीटर लावायचा आणि आकडा वाचायचा.

व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वीच जाळीचा ऋण दाब सर्वांत जास्त करून ठेवला होता, म्हणजे फळी जवळजवळ बंद. चालू केल्यावर पंधरा मिनिटं नुसतं तापू दिलं. मग मी स्क्रू केसभर फिरवला. बारा. अठरा. पंचवीस. दुसऱ्या व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवला की पहिल्याचा आकडा जरासा सरकायचा, म्हणून पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. मामा फक्त आकडे मोठ्यानं वाचत होता.

"पस्तीस. बास, थांब!"

"पण मामा, गणितात एकोणचाळीस आलंय!"

"आत्ता संध्याकाळ आहे. घरोघरी दिवे, टीव्ही, गावाबाहेर पंप चालू, त्यामुळे आपल्याकडे विजेचा दाब उतरलेला असतो. मध्यरात्री सगळं बंद झालं की तो चढतो आणि हा आकडाही चढतो. त्याला जागा नको का ठेवायला?"

हे काही माझ्या पुस्तकात नव्हतं. त्या रात्री साडेअकराला आम्ही परत मीटर लावला. अडतीस!

मामानं कपाटातून त्याची जुनी वही काढली. प्रत्येक जोडीची तारीख आणि आकडे, सगळं त्याच्या सुबक अक्षरात, शेवटच्या पानावर मात्र अक्षर वेडंवाकडं झालेलं. वही आणि पेन त्यानं माझ्याकडे सरकवलं. "लिही. आणि महिन्याभरानं परत मोजायचं. नवे व्हॉल्व्ह थोडे सरकतात."

मी लिहिलं: संध्याकाळी ३५, रात्री ३८. मामानं दोनदा वाचलं, मान डोलावली आणि रेकॉर्ड लावायला उठला.