सोवळ्यातले बोंडले

गेल्या दिवाळीत माळा आवरताना एका जुन्या डब्यात चांदीचे बोंडले सापडले. काळवंडलेले, चोच किंचित वाकलेली. सासूबाईंनी ते माझ्या मुलीसाठी काढून ठेवले होते. मी ते कधी वापरू दिले नाही.

मुलगी २०१२ साली, आठवा महिना लागतो न लागतो तोच जन्मली. काचेच्या पेटीतून ती घरी आली तेव्हा डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या: हात धुवा आणि दुधाची भांडी उकळा. अंगावरचे दूध पुरत नव्हते म्हणून बाटली आली. तिच्याबरोबर मोठे पातेले, सांडशी आणि घड्याळ आले. आधी साबणाने घासायचे, निपल उलटे करून धुवायचे, मग सारे पाण्यात बुडवून दहा मिनिटे उकळायचे. उकळलेल्या भांड्यांना कोणी शिवायचे नाही, हा नियम मात्र माझा. एकदा सासूबाईंनी त्यातली वाटी उचलली, तर मी ती त्यांच्यादेखत पुन्हा उकळत टाकली. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर मुलीला भरवायला कधी पुढेही झाल्या नाहीत.

माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करी. काठीने उंच दांडीवर वाळत घातलेल्या तिच्या लुगड्याला आमचा हात लागला, की ती ते पुन्हा भिजवी. तिला आम्ही हसत असू. जंतू खरे आणि विटाळ खोटा, हा भेद मला चांगला कळतो. तरीही भ्यालेले मन दोन्हीकडे एकच शब्द उच्चारते: शिवू नका.

मुलगी दहा महिन्यांची असताना, शेगडीवर बाटल्या उकळत होत्या आणि ती पलंगाखाली बसून माझ्या चपलेचा पट्टा चोखत होती. त्या दुपारी मी प्रथमच विचारले, हे थांबवायचे केव्हा?

याचे उत्तर सर्वत्र एकच नाही. ब्रिटनची आरोग्यसेवा निदान वर्षभर निर्जंतुक करा म्हणते. अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र दोन महिन्यांखालील, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या बाळांसाठी हे रोज करणे विशेष महत्त्वाचे मानते. मोठ्या, निरोगी बाळाची भांडी दर वेळी नीट धुतली तर रोज उकळण्याची गरज नाही, असे सांगते. दोघांचाही आधी आग्रह आहे तो धुण्याचा. निपलच्या खाचेत दुधाची साय चिकटून राहिली, तर नुसत्या उकळण्याने भागत नाही. शिवाय दुधाची भुकटी मुळात निर्जंतुक नसतेच. म्हणून ती निदान ७० अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्यात कालवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले.

आमचे डॉक्टर म्हणाले, "वर्षाची झाली की उकळणे थांबवा. पिण्याचे पाणी मात्र उकळत राहा. आणि बाटली आजच सोडा. वाटी-चमचा घ्या, नाहीतर बोंडले. उघडे भांडे, हात आत जातो, स्वच्छ धुता येते."

आपल्याकडे दूध पाजण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हेही मला तेव्हाच कळले. म्हणजे ज्या भांड्याला मी घरात मज्जाव केला, ते माझ्या बाटलीपेक्षा शास्त्राला अधिक जवळचे होते.

इंग्रजीत जंतुविरहित आणि वांझ यांना एकच शब्द आहे. मुळातल्या लॅटिन शब्दाचा अर्थच वांझ. मराठीने हे दोन अर्थ वेगळे ठेवले. मला मात्र त्या वर्षी ते वेगळे ठेवता आले नाहीत. मूल जपताना एका आजीचा हात मी बाहेर ठेवला.

सासूबाई २०१९ मध्ये गेल्या. त्या दुपारविषयी मी त्यांच्याशी कधी बोलले नाही.

बोंडले रांगोळीने घासत होते, तेव्हा मुलीने विचारले, "हे कोणाचं?"

"तुझं. आजीनं ठेवलं होतं."

"मग मला यातून कोण पाजायचं?"

मी नळ सोडला आणि बोंडले पुन्हा एकदा धुतले.