पेट्रोल खाणाऱ्यांना श्वास हवा

मुक्ताईनगरवरून जाणाऱ्या महामार्गावर पेट्रोल पंप दिसतात. त्यांच्या फरशीखालच्या टाक्या दिसत नाहीत. बारीक झिरपा असेल तर सकाळी डिप मारताना, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून साठा मोजताना, थोडी तूट येते आणि ती सहज उडून गेलेल्या इंधनाच्या खात्यावर जाते. माझं काम या तुटीनंतर सुरू होतं.

पेट्रोल पाण्याहून हलकं, म्हणून ते भूजलावर तवंग धरतं. त्यातलं बेंझिन मात्र पाण्यात उतरतं, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला फक्त 10 मायक्रोग्रॅम आहे.

‘मग त्यात जिवाणू सोडा ना,’ असं लोक सुचवतात. टेरी संस्थेचं ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचं मिश्रण तेलकट गाळावर चांगलं चालतं, कारण तो गाळ उलथून त्याला हवा देता येते. जमिनीखाली तीस-चाळीस मीटरवर नांगर कसा फिरवणार? शिवाय तेल खाणारे जिवाणू तिथे आधीपासूनच असतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिडजीजवळ ऑगस्ट 1979 मध्ये कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली. तिथे तेल अजूनही जमिनीत आहे, पण पाण्यात उतरलेलं बेंझिन स्थानिक जिवाणूंनी काहीशे मीटरच्या आत रोखलं.

अडतं ते श्वासापाशी. ऑक्सिजन लवकर संपतो. मग जिवाणू श्वासासाठी नायट्रेटवर, पुढे मँगनीज, लोह, सल्फेटवर भागवतात आणि शेवटी मिथेन सुटू लागतो. दर पायरीला बहुधा वेग मंदावतो. इथल्या केळीच्या पट्ट्यात खताचं नायट्रेट पाण्यात उतरतं. लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर ते माणसाला नको, पण पेट्रोलमधलंच टोल्युइन खाणाऱ्या जिवाणूंना चालतं. बेंझिन मात्र त्यावरही मुश्किलीनेच तुटतं. (याला कुणी खताची जाहिरात समजू नये.)

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. ऊस पिकवणाऱ्या भागात हे बोलणं अवघड, तरी सांगतो: जिवाणू आधी इथेनॉलवर तुटून पडतात, उपलब्ध ऑक्सिजन त्यातच खर्ची पडतो, आणि बेंझिन न खाल्लेलं पुढे सरकतं.

तापी-पूर्णेच्या गाळाच्या जमिनीत वाळूच्या थरांतून पाणी सावकाश झिरपतं, म्हणून जिवाणूंना वेळ मिळतो. दक्षिणेकडच्या काळ्या खडकात भेगांतून ते झपाट्याने निघून जाऊ शकतं. पण गाळातला हा फायदाही शेजारची मोटर घालवते. केळीला पाणी देणारी बोअर तासन्तास चालली की दूषित पाणी तिच्याकडेच ओढलं जातं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये नव्या पंपांसाठी घरं-शाळांपासून 50 मीटर अंतर सांगितलं. माझ्या लेखी जवळच्या बोअरची खोली आणि ती किती तास चालते, हेही तितकंच महत्त्वाचं. गळतीचा संशय आला तर आधी ती मोटर बंद करावी. मग बेंझिनबरोबर पाण्यातला ऑक्सिजन, नायट्रेट, लोह आणि सल्फेट मोजावं. नमुने मेअखेरीस आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा घ्यावेत. उन्हाळ्यात पाण्याबरोबर तवंगही खाली उतरतो आणि वाटेत वाळूला तेल माखत जातो. पाणी चढलं की ते तेल पाण्याखाली अडकतं आणि पुन्हा विरघळू लागतं.