पिशवी कोणाची भरायची?

संपादकांनी फॉस्टर केअरवर ‘कलमं न घालता’ लिहा, असं बजावलंय. एक तरी घालावंच लागणार. बाल न्याय अधिनियम 2015 च्या 44 व्या कलमानुसार बाल कल्याण समिती मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवू शकते. सरकारी कागदावर याला प्रतिपालकत्व म्हणतात. जन्मदात्यांशी नातं तुटत नाही, घरची घडी बसली की मूल परत जाऊ शकतं. एवढं सांगून झालं की समोरचा विचारतो, “म्हणजे दत्तकच ना?” नाही हो! त्यातच 2024 च्या फॉस्टर केअर मार्गदर्शक सूचनांनी, कायद्याने दत्तकासाठी मोकळ्या झालेल्या मुलांना फॉस्टर कुटुंबात दोन वर्षांनी दत्तक जाण्याची वाट दिली. चांगलं झालं, पण गोंधळात भरच पडली.

आता आमच्या शिबिरांबद्दल. पवनी तालुक्यातल्या आसगावला, चौरासातल्या धानपट्ट्यात, आम्ही अशी फॉस्टर कुटुंबं मुलांसकट रोवणीच्या दिवसांत मुक्कामी नेतो. पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, बांधीतल्या चिखलात उतरायचं. समोर बसवून विचारलं की ही मुलं मिटतात. शेजारी वाकून रोवता रोवता आपणहून बोलतात. रात्री मोठी माणसं बसतात. पोरगा उशीखाली पोळ्या लपवतो, ही तक्रार हटकून येते. उपाशी राहिलेल्या मुलाची ती उद्याची तजवीज असते. खाऊचा डबा त्याच्या हाताशी ठेवा, कुलूप लावू नका, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता माझाच आवाज मला रेकॉर्डसारखा वाटतो.

वाद वेगळाच आहे. फॉस्टर पालक म्हणतात, “पोराले एकट्यालेच न्या ना मॅडम, आमालेबी जरासा आराम भेटंल.” मागणी खोटी नाही, पालकही थकतात. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत प्रतिपालकत्वासाठी मुलामागे महिन्याला 4,000 रुपये आहेत, पण पैशाने झोप भरून निघत नाही. तरीही सगळं घरच यावं, म्हणून मी अडून बसते. ज्या मुलाला आजवर कपडे पिशवीत भरूनच एका दारातून दुसऱ्या दारात नेलं, त्याची एकट्याची पिशवी भरली की त्याला एकच अर्थ कळतो. गेल्या खेपेला एक मुलगा पहिल्या रात्री पायात चपला घालूनच झोपला. घरातल्या सगळ्यांच्या पिशव्या एकाच खुंटीला टांगलेल्या दिसल्या, तेव्हा दुसऱ्या रात्री त्याने चपला काढल्या. अमेरिकेत 2004 पासून मॉकिंगबर्ड नावाची पद्धत आहे: सहा ते दहा फॉस्टर कुटुंबांमागे एक जाणतं घर, मूल मुक्कामाला तिथेच जातं, म्हणजे ओळखीच्या माणसांत. आराम द्यायचाच तर असा द्यावा. आपल्याकडे जिल्ह्यात पाच कुटुंबं जमवतानाच दमछाक होते, हे मला पाठ आहे. पण म्हणून पोराला एकट्याला अनोळखी शिबिरात पाठवायचं?

आणि हा चपलावाला मुलगा मला स्वस्थ बसू देत नाही. त्याची आई क्षयातून बरी झाली आहे, तिला तो परत हवाय. फॉस्टर केअरचा हेतूही तोच. आम्ही मात्र चिखलात उतरवून त्याचा जीव दुसऱ्याच घरात रुजवला. हे चूक नाही, असं पुस्तकं सांगतात. एका माणसावर विश्वास ठेवायला शिकलेलं मूल दुसऱ्यावरही ठेवतं म्हणे. खरं असावं. पुढच्या शिबिराला त्याच्या आईलाही बोलवावं, असं माझं मत. ज्या बाईने त्याला सांभाळलं, तिने चहाचा कप खाली ठेवून साफ सांगितलं, “ते येत असंल तं मी येत नाई.” तिला काय उत्तर द्यावं, ते ठरत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईचे दिवस जवळ आलेत आणि शिबिराची तारीख त्याआधीच कळवायची आहे.