बाळाचे पहिले वर्ष आणि कॅम्पर व्हॅन

चि. भाच्यास व सूनबाईस,


जिच्यात झोपता येते, रांधता येते आणि चार दिवसांचे सामान नीट लावून ठेवता येते, ती कॅम्पर व्हॅन. तिचे आजचे रूप बरेचसे जर्मनीत घडले. बेन पॉन या डच गाडीविक्रेत्याने १९४७ मध्ये वहीत एका चौकोनी गाडीचे चित्र काढले. १९५० मध्ये फोक्सवॅगनने ती गाडी बनवायला घेतली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेले हे सामान सुटीत गाडीत बसवायचे आणि परत आल्यावर उतरवायचे, म्हणजे एरवी तीच गाडी धंद्याला मोकळी राहत असे. नव्या आईबापांच्या स्वप्नात मात्र बहुधा सगळे कायमचे ठोकून बसवलेले घर असते. पहिली कॅम्पर तशी नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तान्ह्या मुलांना घेऊन मुक्काम बदलत राहण्याची रीत महाराष्ट्रात याहून कितीतरी जुनी आहे. देशावरचे मेंढपाळ धनगर पाऊस सरल्यावर वाडा, म्हणजे मेंढ्या-माणसांचा तळ, घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पुढचा पाऊस लागायच्या आत परततात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोकरे, कोंबड्या आणि चालता न येणारी मुले. ही भटकंती पोटासाठी आहे; हौसेच्या सहलीशी तिची बरोबरी करणे त्या कष्टांचा अपमान ठरेल. पण लेकरू बरोबर असताना कसे चालावे, हे या लोकांइतके कुणाला कळत नाही. मजल छोटी, मुक्काम पाण्याजवळ आणि हंगाम कोरडा. आजच्या व्हॅनलाही हीच तीन पथ्ये लागू पडतात.

आपल्याकडे कॅम्परसाठी दोन प्रकारच्या गाड्या प्रामुख्याने वापरल्या जातात. एक मारुतीची ओम्नी किंवा ईको. ओम्नी १९८४ ते २०१९ पर्यंत बनत होती, ईको २०१० पासून आहे. दोन माणसे आणि एक बाळ एवढ्यांना ईकोत पाठ टेकता येते, पण उभे राहता येत नाही, आणि रात्री तीनदा लंगोट बदलणाऱ्या आईच्या कमरेला ते सोसत नाही. दुसरी फोर्सची ट्रॅव्हलर, म्हणजे १९८७ पासून सगळ्यांच्या तोंडी असलेली टेम्पो ट्रॅव्हलर. तिच्या उंच छपराच्या मॉडेलमध्ये ताठ उभे राहता येते. मात्र घाटात आणि कोकणातल्या गावच्या बोळांत ती वळवणे नवख्याचे काम नव्हे.

गाडी घेतली, सुताराला बोलावले आणि पलंग ठोकला, असे करून चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या रूपाशी विसंगत फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्यामुळे पासिंग झालेली तयार कॅराव्हॅन घ्यावी, नाहीतर मूळ गाडीला हात न लावता आत ठेवता-काढता येईल असे सामान करावे. तान्हे मूल असलेल्या घराला दुसरी वाटच योग्य. मूल सहा-सहा महिन्यांनी बदलते. ठोकलेला पलंग बदलत नाही.

यानंतरचा प्रश्न बाळ बसणार कुठे, आणि सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. व्हॅनमध्ये समोरासमोरचे किंवा आडवे बाक छान दिसतात, पण आडव्या बाकावर बाळाची सीट सुरक्षित बसत नाही. ती पुढे तोंड असलेल्या पक्क्या आसनावरच बांधावी लागते आणि तान्ह्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असावे लागते. अचानक ब्रेक लागला की बाळाचे जड डोके पुढे झेपावते आणि कोवळी मान ते पेलू शकत नाही. तोंड मागे असले तर तो धक्का सीटची पाठ झेलते. आईच्या मांडीवर बाळ सुखरूप असते ही आपली जुनी समजूत. धडकेच्या क्षणी कोणत्याही आईचे हात तेवढे वजन धरून ठेवू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. दंड थोडा आहे, पण कारण फार मोठे आहे.

त्या सीटमध्ये बाळाला तासन्‌तास ठेवणेही बरे नव्हे. दर दीड-दोन तासांनी थांबून त्याला बाहेर काढावे, पाजावे, पाठीवर मोकळे निजवावे. गाडी उभी असताना सीटमध्येच झोपू देऊ नये. मान पुढे पडून श्वास अडखळू शकतो. रात्री बाळाला सपाट, घट्ट गादीची स्वतंत्र जागा हवी, जवळ उशी वा जाड पांघरूण नको. बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब आणण्याचा विचारही मनात आणू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. त्याची सूचना देणारे छोटे यंत्र गाडीत असलेच पाहिजे.

थंडीपेक्षा आपल्याकडे उन्हाचे भय मोठे. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतला पारा दहा मिनिटांत दहा अंशांनी चढतो आणि बाळाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. एसी रात्रभर चालेल या आशेवर राहू नये. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-तास, आणि साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरावेत. पंचवीस वॉटचा पंखा त्यावर रात्र सहज काढतो. हजार वॉटचा एसी तासाभरात ती रिकामी करतो. तेव्हा बॅटरीवर भर घालण्याऐवजी सहलीचा महिना नीट निवडावा.

खाण्याच्या बाबतीत पहिले सहा महिने सर्वांत सोपे. बाळ अंगावर पीत असेल तर त्याला वरचे पाणीही लागत नाही. सहा महिन्यांनंतर खिमट, नाचणीची पेज, उकळलेले पाणी आणि वाट्या-चमच्यांची धुवाधुव सुरू होते. पाणी लिटरला एक किलो भरते, म्हणजे शंभर लिटरची टाकी घाटात शंभर किलो ओढते. सर्वांत अवघड काळ रांगण्याचा: गाडीत रांगायला जागा नाही आणि बाहेर काटे, विंचू, मुंग्या.

लेह-लडाखचे व्हिडिओ पाहून मन तिकडे धावते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि विरळ हवेने डोके दुखत असेल तर तान्हे बाळ ते सांगू शकत नाही. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. इथे ती धास्ती नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गुहागर, वेळणेश्वर, हर्णै किंवा भंडारदरा पुरेसे आहे. पुळणीवर गाडी नेऊ नये. भरतीत ती रुतते. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर रांधल्यास दंड होतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे, पण लहान बाळासाठी आजही सर्वांत भरवशाचा तळ म्हणजे कोकणातल्या घरगुती निवासाचे अंगण. विहिरीचे पाणी, स्वच्छ संडास, आणि रात्री बाळ रडले तर उठून येणारी एखादी काकू. बाळंतीण अजून सावरत असताना या शेवटच्या गोष्टीची किंमत गाडीतल्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त आहे.

म्हणून पहिल्या वर्षात व्हॅन विकत घेऊ नये. भाड्याने घ्यावी, घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर एक-दोन रात्री राहावे, आणि बाळाबरोबर त्याच्या आईलाही विश्रांती मिळाली का ते पाहावे. बाळ चालू लागले, आणि तेव्हाही ओढ तेवढीच राहिली, तर पासिंगचे कागद तपासून खुशाल घ्यावी. तोपर्यंतच्या पैशातून आधी उत्तम बालआसन घ्या. ते तुमच्या रोजच्या गाडीतही उद्यापासून लागणार आहे.

तुमचा,
मामा